कुंडीलाही वाफसा लागतो

दिवाळी झाल्यावर कृष्णाकाठी माझ्या थोरल्या मामेबहिणीकडे चार दिवस राहून आले. जुने माळवदाचे घर पाडून त्याच जागी त्यांनी नवे स्लॅबचे घर बांधले आहे. नव्या घरात नवी सून आली आणि सुनेने माहेराहून येताना पाच कुंड्या आणल्या. कुंड्या कसल्या, चकचकीत पांढऱ्या चिनी मातीची भांडीच ती. एकीत मनीप्लांट, एकीत रुंद ठिपकेदार पानांचा डिफेनबेकिया, एकीत पांढऱ्या पट्ट्याच्या गवतासारखे स्पायडर प्लांट, एकीत कोरफड आणि एकीत तलवारीसारखी उभी पाने असलेले ते पट्टेरी झाड, ज्याला नर्सरीवाले स्नेक प्लांट म्हणतात.

मी पोचले तेव्हा कोरफड आणि स्पायडर प्लांट उकिरड्यावर गेले होते आणि मनीप्लांट अखेरच्या घटका मोजत होता. आजेसासूबाई ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "पोरीच्या हाताला गुण न्हाई. पैशाचं झाड वाळाय लागलं आन् त्याच आठवड्यात हिरीवरची मोटार जळाली."

पोर बिचारी काही बोलत नव्हती. पण रोज सकाळी आणि संध्याकाळी पाचाच्या राहिलेल्या तीन कुंड्यांत तांब्या-तांब्या पाणी घालत होती. सकाळी घातलेले पाणी पुरले नसेल म्हणून संध्याकाळी थोडे जास्तच.

तिसऱ्या दिवशी मीच दाजींना म्हटले, ती कुंडी उलटी करून बघू या. दाजींनी अंगणात गोणपाटावर कुंडी पालथी केली. मातीचा काळा चिकट गोळा बाहेर आला. खालून पाणी गळले आणि कुजकट वास सुटला. मुळे बोटात धरली तर वरची साल सुटून हातात येई. दाजी थोडा वेळ त्या मातीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ही तर चिबड जमीन हाय की!"

भांड्याच्या बुडाला भोकच नव्हते.

आता कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला चिबड जमीन म्हणजे काय हे सांगायला नको. उसाला पाट सोडून सोडून कितीक चांगली रानं पाणथळ आणि क्षारपड झालेली त्या भागाने पाहिली आहेत. ज्या माणसाने आपल्या रानात चर खोदून निचरा काढला, त्याच्या घरात, त्याच्या डोळ्यांसमोर, वीतभर भांड्यात तीच गोष्ट घडत होती आणि दोष मात्र नव्या सुनेच्या हाताला लागत होता.

घरातल्या झाडांबद्दल मला सांगायचे आहे ते मुख्यतः एवढेच. ही झाडे शहरातून आली म्हणून त्यांचे शास्त्र वेगळे नाही. कुंडीलाही वाफसा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीत थोडे पाणी आणि थोडी हवा असली की मूळ सुखात असते, कारण मूळही श्वास घेते. पोकळी पाण्याने भरून गेली की ते गुदमरते, मग कुजते. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून वरची पाने मलूल होतात. आणि पाने मलूल दिसली की आपण समजतो झाड तहानले. आणखी एक तांब्या घालतो. घरातली झाडे तहानेने मरतात त्याहून अधिक या मायेने मरतात.

पाणी केव्हा द्यावे?

वार ठरवून पाणी देऊ नये. मातीत बोट खुपसून पाहावे. मनीप्लांट, डिफेनबेकिया, स्पायडर प्लांट यांना बोटाची दोन पेरे माती कोरडी लागली की पाणी द्यावे, आणि द्यायचे तेव्हा बुडाच्या भोकातून निथळेपर्यंत द्यावे. रोज वरवर शिंपडलेल्या चुळकाभर पाण्याने खालचे मूळ कोरडे राहते आणि वरची माती घट्ट होते. कोरफड आणि स्नेक प्लांट यांची गोष्ट निराळी. त्यांच्या पानांतच पाण्याचा साठा असतो. सगळी माती खडखडीत वाळू द्यावी, मगच पाणी. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी, पावसाळ्याच्या दमट हवेत महिन्यातून एकदा दिले तरी चालते. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय झाली की बोटही घालावे लागत नाही. ओली कुंडी जड, वाळलेली हलकी. ज्या बायका हाताच्या अंदाजाने पायलीचे माप सांगतात त्यांना हे अवघड नाही.

बोअरचे पाणी मचूळ असेल तर काही महिन्यांत मातीवर पांढरी खपली धरते आणि पानांची टोके तपकिरी होतात. अशा वेळी पन्हाळीखाली घागर लावून धरलेले पावसाचे पाणी या झाडांसाठी ठेवावे, आणि खपली आलेली वरची माती खरवडून नवी घालावी.

कुंडी विकतचीच हवी असे नाही. कुंभाराची मातीची कुंडी सर्वांत उत्तम, कारण तिच्या अंगातून ओल बाहेर जाते. तेलाचा पत्र्याचा डबा, रंगाची रिकामी बादली स्वच्छ धुऊन घेतली तरी चालेल. मात्र बुडाला चार-पाच भोके पाडलीच पाहिजेत. चकचकीत भांड्याची हौस असेल तर झाड भोकाच्या डब्यात लावावे, तो डबा भांड्यात ठेवावा आणि पाणी देताना बाहेर काढावा. कुंडीच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर देण्याची जुनी रीत आहे. तिचा उपयोग नाही. उलट पाणी त्या थराच्या वरच्या मातीत अडकून राहते आणि मुळांना जागा कमी उरते. भोकावर एक खापरीचा तुकडा पुरे, माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठी.

माती रानातली काळी घेऊ नये. कापसाला ती सोने असेल, पण कुंडीत ओली झाली की फुगते आणि वाळली की कडेने भेगा पडून सारे पाणी भेगांतूनच निघून जाते. दोन भाग तांबडी माती किंवा पोयटा, एक भाग मुरलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू, एवढे मिसळले की झाले. कोरफडीला आणि स्नेक प्लांटला वाळू दुप्पट घ्यावी. ताजे शेण मुळीच घालू नये. युरियाची चिमूट टाकण्याचा मोहही आवरावा. रानात ती एकरभर पसरते, इथे सगळी एका मुळावर बसते. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि दसऱ्याच्या सुमारास मूठभर गांडूळखत दिले की या झाडांना वर्षाचे पोट भरते.

आधी जागा, मग झाड

पाण्याखालोखाल चूक होते ती उजेडात. माणूस आधी झाड आणतो आणि मग त्याला जागा शोधतो. खरे तर आधी जागा बघावी. भर दुपारी त्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर वीतभर अंतरावर हात धरावा. हाताची सावली स्पष्ट, बोटे मोजता येतील अशी पडली तर तिथे बहुतेक झाडे राहतील. सावली पुसट पडली तर मनीप्लांट आणि स्नेक प्लांट राहतील, पण वाढ सावकाश होईल. सावलीच पडत नसेल तर तिथे कुठलेही झाड ठेवू नये, तांब्याची घागर घासून ठेवावी. शोभा तेवढीच येते. आपल्या घरांत माजघर आणि देवघर बहुधा असेच असते. आतल्या अंधाऱ्या जागी झाड हवेच असेल तर दोन कुंड्या कराव्यात. एक आठवडाभर आत आणि दुसरी पडवीत, मग अदलाबदल.

पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली, कोवळे ऊन मिळते. पश्चिमेच्या खिडकीतले चैत्र-वैशाखातले ऊन पाने भाजून काढते, विदर्भ-मराठवाड्यात तर फारच. दक्षिणेच्या खिडकीतून थंडीत ऊन आत खोलवर येते, ते कोरफडीला मानवते. तुळशीला मात्र आत आणू नये. ती उन्हाची आहे, तिची जागा अंगणातच.

मनीप्लांट सावलीत कसा जगतो, याचे उत्तर त्याच्या गावात आहे. तो मूळचा प्रशांत महासागरातल्या मूरिया बेटावरचा, रानातल्या झाडांवर चढणारा वेल. लहानपण मोठ्या झाडांच्या सावलीतच जाते. वर चढायला मिळाले की पाने मोठी होतात. परसातल्या नारळावर सोडलेल्या वेलाची पाने सुपाएवढी झालेली कोकणात कुणीही दाखवील. स्पायडर प्लांट दक्षिण आफ्रिकेचे, आणि आपण पावसाळ्यात जिची भाजी करतो त्या फोडशीचे ते नात्यातले. म्हणून कुणी कुंडीतले खुडून शिजवू नये हे वेगळे सांगायला नको.

खाण्यावरून एक महत्त्वाची गोष्ट. मनीप्लांट, डिफेनबेकिया, सिंगोनियम, झीझी प्लांट ही सगळी अळू-सुरणाच्या कुळातली. अळू कच्चे राहिले की घसा का खाजतो? त्यात सुईसारखे बारीक खडे असतात, म्हणून तर आपण चिंच घालून चांगले शिजवतो. तेच खडे या झाडांच्या पानादेठात असतात आणि डिफेनबेकियाचा त्रास त्यांत अधिक. रांगत्या मुलाने पान चावले तर जीभ आणि ओठ सुजतात, बोलणे-गिळणे अवघड होते. लगेच तोंड पाण्याने पुसून-धुऊन काढावे, थंड पाणी पाजावे, आणि सूज वाढली किंवा श्वास अडखळला तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठावा. लहान मूल असलेल्या घरात डिफेनबेकिया ठेवूच नये हे माझे स्पष्ट मत. छाटलेल्या फांद्या शेळ्या-वासरांपुढेही टाकू नयेत.

दुसरी काळजी डासांची. मनीप्लांटची बाटली आणि कुंडीखालची बशी ही डेंग्यूचा डास वाढायला अगदी सोयीची ठिकाणे. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. बाटली-बशी आतून घासून काढावी.

पानाच्या बगलेत कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या चिंधीने पुसावा, चार दिवसांनी पुन्हा पुसावा. शेतातले उरलेले औषध म्हणून घरात मारू नये. उघड्या रानात फवारतानाही 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात विषबाधा होऊन माणसे दगावली. बंद खोलीत तर ते आपल्या अंथरुणा-भांड्यांवर बसणार.

आणि एक भाबडी समजूत. दोन कुंड्या ठेवल्या की घरातली हवा शुद्ध होते असे जाहिरातीत सांगतात. 1989 साली अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने, नासाने, बंद पेट्यांत केलेल्या प्रयोगांवरून ही गोष्ट पसरली. पण पेटी म्हणजे घर नव्हे. पुढे 2019 साली संशोधकांनी असे अनेक प्रयोग ताडून पाहिले. वाऱ्याने होते तेवढे काम झाडांकडून करून घ्यायचे तर चौरस मीटरभर जागेत निदान दहा झाडे लागतील असे निघाले. चुलीचा धूर घालवायला खिडकी उघडावी. झाड ठेवायचे ते डोळ्यांना बरे वाटते म्हणून, आणि तेवढे कारण पुरेसे आहे.

त्या दिवशी दाजींनी मनीप्लांटची कुजलेली मुळे काढून टाकली. वेलाच्या शेंड्याकडे हिरवा भाग शिल्लक होता. त्यांनी विळतीने दोन-दोन डोळ्यांचे तुकडे केले, अगदी उसाचे बेणे तोडावे तसे. मनीप्लांटलाही मुळे फुटतात ती पेराशीच. पेर नसलेले नुसते पान पाण्यात ठेवले तर हिरवे राहते पण वेल होत नाही. स्नेक प्लांटचे मात्र पानाच्या तुकड्यापासूनही रोप होते, तुकडा उलटा लागू नये एवढे बघावे. पिवळ्या काठाची जात असेल तर पानापासून काठ उतरत नाही, तिचा बुडातून फुटवाच वेगळा करावा लागतो.

भोके पाडलेल्या दोन डब्यांत सुनेने ती कांडी लावली. पाणी देण्याआधी बोट घालून बघायचे, हे तिला मी नव्हे, दाजींनी सांगितले. "रानात वाफसा आल्याबिगर आपण औत घालतो का? मग?" एवढेच.

माघात पुन्हा जाणे झाले. पूर्वेच्या खिडकीत वेल हातभर लोंबत होता, आणि चांदीच्या वाटीसारखे घासलेले दोन्ही डबे उन्हात चमकत होते. मोटार दुरुस्त होऊन कधीच पाणी ओढू लागली होती. तिचा विषय कुणी काढला नाही. आजी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "माझ्या भणीला त्यातलं येक कांडं पायजे. पोरीला इचारू नगं. तू जाताना गुपचूप तोडून घे. त्ये झाड मागून आणलं तर लागत न्हाई, चोरूनच न्यावं लागतं."

स्वयंपाकघरातून सून हसली, तेव्हा कळले की तिने ऐकले होते. मी निघताना दोन डोळ्यांची दोन कांडी ओल्या फडक्यात गुंडाळून कुणीतरी माझ्या पिशवीत आधीच घालून ठेवलेली होती.