चलन आलं, पण बोर्ड कुठे होता?



मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत कर्जफेडीचा विषय चालला होता. एका ताईचे दोन हप्ते थकले होते. एरवी तिचा हप्ता कधी चुकत नाही, म्हणून कारण विचारलं, तर तिने मोबाईलच पुढे केला. कर्ज काढून घेतलेली पिकअप तिच्या नावावर आहे, भाजी भरून बाजाराला नेतो तिचा मुलगा. मोबाईलवर ई-चलनाचे तीन मेसेज होते. तिन्ही एकाच रस्त्यावरचे, कारण एकच, वेगमर्यादा ओलांडली. प्रत्येकी दोन हजार. "हप्त्याचे पैसे चलनात गेले," ती म्हणाली. "झाडाआड गाडी लावून उभे राहतात. बोर्ड कुठं दिसत नाही. शेजारनं कार सुसाट जाते, तिला काही नाही. ही काय रीत झाली?"

तिचं बोलणं संपायच्या आत फाट्यावरच्या गटाची ताई उठली. "आमच्याकडं तर पोलीस यावेत म्हणून आम्ही देव पाण्यात घालून बसलोय!" त्यांच्या फाट्यावरचा रस्ता रुंद झाला, गुळगुळीत झाला, आणि तेव्हापासून शाळेची पोरं जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतात. पावसाळ्यात त्यांच्या गटातल्या एका बाईच्या सासूबाईंना मोटारसायकलने उडवलं. डेअरीला दूध घालायला निघाल्या होत्या. पाय मोडला, अजून काठीवर आहेत.

एकीला पोलीस नको तिथे भेटतात, दुसरीला हवे तिथे भेटत नाहीत. दोघींचं म्हणणं खरं आहे. म्हणून म्हटलं, हा वेगाचा आकडा ठरवतो कोण, आणि पोलिसांना काय करता येतं, काय नाही, हे या अंकात नीट मांडावं.

आकडा येतो कुठून?

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या कलम ११२ मध्ये वेगमर्यादेची तरतूद आहे. देशभरासाठी कमाल आकडा केंद्र सरकार ठरवतं. ६ एप्रिल २०१८ ला केंद्राने असे आकडे जाहीर केले. त्यात एक गोष्ट आपल्यापैकी बहुतेकींना माहीत नसते. मर्यादा नुसती रस्त्याची नसते, गाडीचीही असते. आपल्या नेहमीच्या साध्या रस्त्यांवर कारला ७०, मोटारसायकलला ६०, मालाच्या गाडीला ६० आणि तीनचाकीला ५०. मधे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला १००, मालगाडीला ८०, मोटारसायकलला ८०, तीनचाकी मात्र तिथेही ५० च. समृद्धी महामार्गासारख्या द्रुतगती मार्गावर कारला १२०.

आता पिकअपवाल्या ताईचं पहिलं चलन उघडून बघितलं. वेग लिहिला होता ६९. त्याच वेळी शेजारून ६९ नेच कार गेली असेल तर ती कायद्यात बसते, पिकअप बसत नाही. मुलाला हे ठाऊकच नव्हतं. भरलेल्या गाडीला थांबायला जास्त जागा लागते म्हणून हा फरक केलेला आहे, उगाच नाही.

केंद्राचे हे आकडे वरच्या टोकाचे. त्याच्या खाली आणायची मुभा राज्य सरकारला आणि त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला आहे. पूल अरुंद आहे, वळण आंधळं आहे, वस्ती आहे, लोकांच्या सुरक्षिततेसाठी गरज आहे, अशा कारणांनी तो एखाद्या तुकड्यापुरती ४० किंवा ३० ची मर्यादा घालू शकतो. पण त्यासाठी कायद्याने दोन गोष्टी सांगितल्यात. राजपत्रात अधिसूचना काढायची, आणि रस्त्यावर योग्य जागी बोर्ड लावायचा. महिन्याभरापुरतीच बंदी असेल, समजा पुलाचं काम चाललंय, तर अधिसूचना लागत नाही. म्हणजे "इथे ४० आहे" असं नुसतं तोंडी म्हणून भागत नाही. बोर्डही ओळखायला शिका: पांढरा गोल, त्याला लाल कडा आणि आत काळा आकडा. गोल बोर्ड म्हणजे हुकूम. त्रिकोणी असेल तर ती सूचना, पुढे वळण आहे, शाळा आहे वगैरे.

हा ४० किंवा ६० चा आकडा इंजिनिअर लोक काढतात कसा? एक जुनी पद्धत जगभर चालते. रस्त्यावरून मोकळेपणी जाणाऱ्या शंभर गाड्यांचा वेग मोजायचा, सर्वात हळू गाडीपासून सर्वात जोरात गाडीपर्यंत ओळ लावायची आणि ८५ व्या गाडीचा वेग बघायचा. त्याच्या आसपास मर्यादा ठेवायची. विचार असा की बहुतेक चालक शहाणे असतात, रस्ता बघून वेग धरतात, आणि मर्यादा फारच खाली ठेवली तर कुणी पाळत नाही, नुसती चलनं फाडली जातात. यात तथ्य आहे. मोकळ्या माळावर, सरळ चौपदरी रस्त्यावर ३० चा बोर्ड लावला तर तो अन्यायच, आणि अशा बोर्डांमुळे लोक खऱ्या धोक्याचा बोर्डही मनावर घेत नाहीत.

पण मला विचाराल तर या मोजणीत एक मोठी खोट आहे. मोजतात त्या गाड्या. डोक्यावर भारा घेऊन कडेने चालणारी बाई त्या शंभरात कुठेच नसते. फाट्यावरचा रस्ता रुंद झाला, गाड्यांचा वेग वाढला. मग त्याच वाढलेल्या वेगावरून मर्यादा ठरवायची म्हटलं तर रस्ता ओलांडणाऱ्याचं काय? म्हणून अलीकडे उलट बाजूनेही विचार होतो. या जागी माणूस आणि गाडी एकत्र येतात का, आणि धडक बसलीच तर माणूस जगेल का? फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला रस्ता सुरक्षेवर जगभरच्या मंत्र्यांची परिषद झाली. पायी चालणारे, सायकलवाले आणि गाड्या जिथे मिसळतात तिथे ताशी ३० ची मर्यादा असावी, असं तिच्या जाहीरनाम्यात म्हटलं आहे.

तीसच का, ते हिशेबाने बघू. समोर पोर आलं हे दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद तरी जातो. तेवढ्यात ताशी ६० ची गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते. नंतर ब्रेक लागून थांबायला कोरड्या, चांगल्या रस्त्यावर आणखी २० मीटर. एकूण ३७ मीटर, म्हणजे साधारण तीन एसट्या एकापुढे एक उभ्या केल्या तर होईल तेवढं अंतर. तीच गाडी ३० ने येत असेल तर तेरा-चौदा मीटरमध्ये थांबते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. पावसात, घासलेल्या टायरवर, भरलेल्या गाडीत हे अंतर वाढतंच. जागतिक आरोग्य संघटना सांगते, सरासरी वेग शंभराला एक या हिशेबाने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका शंभराला चार वाढतो.

चालकाचं नुकसान किती? गावाचा अर्धा किलोमीटरचा पट्टा ६० ऐवजी ३० ने पार केला तर एका मिनिटाऐवजी अर्धं मिनिट वाचत नाही, एवढंच. टपरीवर चहाचे सुटे पैसे शोधायला याहून जास्त वेळ जातो.

२०२२ साली देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. सरकारी नोंदीत शंभरातले ७१ मृत्यू अतिवेगामुळे झाले असं लिहिलेलं आहे. अपघाताच्या कागदावर "अतिवेग" लिहिणं सोपं असतं, रस्त्याचा उतार चुकला किंवा दिवा नव्हता हे कुणी लिहीत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. तरी आकडा लहान नाही.

चलन हातात आलं की

कायदा चालकाच्या बाजूनेही काही सांगतो. कलम १८३ मध्ये अतिवेगाचा दंड आहे: हलक्या गाडीला एक ते दोन हजार, मोठ्या प्रवासी किंवा मालगाडीला दोन ते चार हजार. त्याच कलमात असंही आहे की "मला वाटलं गाडी जोरात होती" एवढं एकट्या साक्षीदाराने सांगून कोणी दोषी ठरत नाही. त्या म्हणण्याला यंत्राने घेतलेल्या मोजणीचा आधार लागतो.

यंत्राचेही नियम आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने कॅमेरे, स्पीडगन यांच्यासाठी नियम काढले. यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नवं करून घ्यायला हवं. महामार्गांवर यंत्रं लावायची ती जास्त धोक्याच्या, जास्त वर्दळीच्या भागात. आणि तिथे नजर ठेवली जाते असा ठळक बोर्ड आधी लावायचा. तेव्हा झाडाआड उभं राहण्याबद्दल ताईची जी तक्रार होती ती अगदीच पोकळ नाही. उताराच्या गुळगुळीत रस्त्यावर, जिथे अपघात होत नाहीत पण गाड्या आपोआप वेग घेतात, तिथे स्पीडगन घेऊन बसलं तर चलनं भरपूर निघतात, माणूस एकही वाचत नाही. लोकांचा पोलिसांवरचा विश्वास उडतो तो इथे. तीच स्पीडगन शाळेच्या फाट्याच्या अलीकडे, बोर्ड लावून उभी केली तर चलनं कमी निघतील, कारण गाड्या हळू होतील.

स्पीडगन आता वजनकाट्याच्या पंगतीत आली आहे. डेअरीचा काटा, रेशन दुकानाचा काटा शिक्का मारलेला आहे का, हे आपण बघतो ना? तसंच वेग मोजणाऱ्या रडार यंत्राची पडताळणी आणि शिक्का सक्तीचा करणारे वजनमापांचे नियम १ जुलै २०२५ पासून लागू झाले आहेत. तेव्हा "तुमच्या यंत्राची पडताळणी कधी झाली?" हा प्रश्न उर्मट नाही. फक्त सरळ भाषेत, लेखी विचारावा. रस्त्यात हुज्जत घालून काही मिळत नाही.

यंत्राने काढलेल्या चलनासोबत काय काय असावं, तेही २०२१ च्या त्या नियमांत आहे. गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दिसेल असा फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण, आणि कोणतं कलम मोडलं ते. नोटीस पंधरा दिवसांच्या आत पाठवायची असंही त्यात म्हटलं आहे.

आम्ही बैठकीतच ताईची तिन्ही चलनं एकेक करून उघडली. पहिल्या दोन्हींत फोटो स्वच्छ, गाडी तिचीच, वेग लिहिलेला. तिसऱ्यात गाडीच दुसरी! नंबरातला ३ यंत्राने ८ वाचला होता. हे तिघांपैकी कुणी पाहिलंच नव्हतं, ना ताईने, ना मुलाने, ना गाडी घेऊन देणाऱ्या एजंटने. महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवायची सोय आहे. तिथे आरसीचा आणि आपल्या गाडीचा फोटो जोडून तक्रार टाकली.

आणखी एक गोष्ट निघाली. आरटीओकडे गाडीला जोडलेला मोबाईल नंबर त्या एजंटचा होता. मेसेज आधी त्याला जायचे, सवडीने तो पुढे पाठवायचा. गटाच्या कर्जातून गाडी घेतलेल्या प्रत्येकीने आपला नंबर आहे का हे आधी तपासा. गाडी कोणीही चालवो, नोटीस मालकिणीच्या नावाने येते. गाडी विकायच्या वेळी थकलेली चलनं समोर येतात ती वेगळीच. आणि व्हॉट्सॲपवर "तुमचं चलन बघा" म्हणून कुणी फाईल पाठवली तर ती उघडू नका. तसल्या फाईलने मोबाईलमधून बँकेचे पैसे जातात. चलन बघायचं तर सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकून स्वतः बघावं.

फाट्यासाठी काय करता येईल?

आधी रस्ता कुणाचा ते शोधा. ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की राष्ट्रीय महामार्गाचा? अर्ज चुकीच्या दारात गेला की वर्ष जातं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. पोलीस, आरटीओ, बांधकाम विभाग सगळे तिथे एका टेबलाशी बसतात, म्हणून अर्जाची एक प्रत तिकडे द्यावीच.

अर्जात "फार अपघात होतात" एवढं लिहून चालत नाही. फाट्यावरच्या गटाने वहीच घातली आहे. दोन मुली सकाळी शाळेच्या वेळी आणि संध्याकाळी डेअरीच्या वेळी अर्धा-अर्धा तास बसून किती माणसांनी रस्ता ओलांडला ते लिहितात. मागच्या अपघातांच्या तारखा घातल्या. शाळेचं फाटक रस्त्यापासून किती पावलांवर आहे, वळणावरून गाडी किती लांबून दिसते, तेही लिहिलं. मागणी तीन गोष्टींची: मर्यादेची रीतसर अधिसूचना, दोन्ही बाजूंना बोर्ड आणि शाळेच्या वेळेत तपासणी. गावातल्या पोरांनी रातोरात मुरुमाचा गतिरोधक घातला होता, तो आम्हीच काढायला लावला. त्याला ना रंग ना बोर्ड, अंधारात मोटारसायकलवर मागे बसलेली बाईच आधी पडते.

ग्रामसभेत ठराव झाला आहे. अर्जाच्या दोन प्रतींवर पोच मिळाली, तिसरी बांधकाम उपविभागाकडची राहिली आहे. ती या सोमवारी आणायचं पिकअपवाल्या ताईच्या मुलाने कबूल केलंय. बाजाराला जाताना ऑफिस वाटेवरच लागतं. दोन चलनांचे चार हजार त्याने आपल्या मजुरीतून भरले. तिसऱ्याच्या तक्रारीचं उत्तर अजून यायचं आहे.