भराव पडतोय? आधी कागद बघा!

बेलापूर सोडून लोकल खारघरच्या दिशेने निघते, तेव्हा खिडकीबाहेर खारफुटी पळत असते आणि आपण रील्स बघत असतो. मध्येच कधीतरी खाडीकाठच्या हिरव्यात मातीचे ढीग, फुटक्या टाइल्स दिसतात. कुणाच्या तरी फ्लॅटच्या रिनोव्हेशनचा राडारोडा! ‘जाऊ दे, पडीक जागा आहे,’ म्हणत आपण पुन्हा मोबाइलमध्ये.

पण ती जागा पडीक नाही. खारघरच्या डोंगरावरून पावसाळ्यात उतरणारं पाणी शेवटी खाडीलाच मिळतं. नेमकी तेव्हा भरती असेल तर ते तुंबतं आणि पसरायला हीच दलदल शोधतं. तिथे भराव पडला, की पाणी वळणार कुठे? बेलपाड्यासारख्या वस्त्यांकडेच ना!

म्हणून इथले नियम कडक आहेत. सीआरझेड अधिसूचना २०१९ नुसार खारफुटी सर्वांत संवेदनशील गटात येते. तिचं क्षेत्र हजार चौरस मीटरपेक्षा जास्त असेल, तर भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०१८ मध्ये बजावलं, की जमीन सरकारी असो वा खासगी, खारफुटी तोडायची नाही, तिथे राडारोडा टाकायचा नाही. अपवाद फक्त सार्वजनिक हिताचा, तोही कोर्टाच्या परवानगीने.

परवानगी मिळाली तरी सोबत अटी येतातच. आपल्या शेजारचं नवी मुंबई विमानतळच बघा. ११६० हेक्टरचा प्रकल्प, त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, सखल जमीन भरावाने उंच केली. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राने पर्यावरण मंजुरी दिली, तेव्हा उलवे नदी वळवायला हो म्हटलं, गाढी नदी मात्र वळवायची नाही, असं ठरलं. खारफुटी जाणार, तर तिच्या बदल्यात नवी लावायची, हीसुद्धा अट. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, पण म्हणून अटी संपल्या नाहीत.

आता आपलं काम. अशा मोठ्या प्रकल्पांच्या मंजुरीची पत्रं केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर मिळतात. अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो आणि तो कुणालाही वाचता येतो. वाचताना चार गोष्टी शोधा. सर्व्हे नंबर कोणता? क्षेत्र किती? भरतीच्या पाण्याला वाट ठेवली आहे का? बदल्यातली झाडं कुठे लावली? मग त्या जागी चक्कर मारा. कागद आणि जागा जुळत नसतील, तर तुमच्याकडे नुसता संताप नाही, पुरावा आहे.

आणि रात्री गुपचूप येणारा डंपर? त्याच्याकडे बहुधा कागदच नसतो. त्याला एकट्याने अडवायला जाऊ नका. लांबून फोटो, वेळ आणि लोकेशन टिपा, वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे, महापालिकेकडे आणि पोलिसांकडे लेखी तक्रार करा. तक्रारीचा नंबर मात्र जपून ठेवा. पाठपुरावा त्याच्याच जोरावर होतो.