नाव एक, रंग दोन : लहान चित्रांसाठी पर्यायी रंग कसा निवडावा

बुद्धपौर्णिमा जवळ आली की आपल्या मुलामुलींचे रंगांचे डबे बाहेर निघतात. कोणी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी उतरवतो, कोणी पंचशील ध्वजाचे पट्टे भरतो. चित्र अर्धे होते आणि निळा संपतो. देवबागहून मालवणच्या बाजारात जावे, तर तिथे त्या कंपनीचा निळा नसतो. दुसरीचा असतो. झाकणावर नाव तेच, ‘अल्ट्रामरीन ब्लू’. तो आणून उरलेली जागा भरावी, आणि सकाळी पाहावे तो एकाच पट्ट्यात दोन निळे! आठ दिवसांची मेहनत वाया गेल्यासारखे त्या विद्यार्थ्याला वाटते. हा प्रसंग आमच्यापैकी बहुतेकांवर आलेला आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

मोठ्या फलकावर असा फरक खपून जातो. लहान चित्र मात्र हातात घेऊन वीतभर अंतरावरून पाहतात, तिथे काही लपत नाही. आपल्याच जिल्ह्यातील सावंतवाडीच्या गंजिफाचे उदाहरण घ्यावे. दशावतारी गंजिफाच्या एका संचात १२० गोल पाने असतात, आणि साऱ्यांच्या पाठी एकसारख्या दिसाव्या लागतात. मध्येच रंग बदलला तर पाठीवरूनच पान ओळखू येईल आणि खेळाचा अर्थच जाईल.

आता नाव एक असून रंग वेगळा का होतो, ते पाहू. रंगात मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक रंगद्रव्य, म्हणजे रंग देणारी पूड, आणि दुसरा ते कागदाला धरून ठेवणारा बंधक. जलरंगात व पोस्टर रंगात बहुधा डिंकासारखा बंधक असतो, अ‍ॅक्रिलिकमध्ये राळेसारखा कृत्रिम पदार्थ. स्वस्त रंगात शिवाय खडूसारखी भर असते, त्यामुळे तो फिका व दुधाळ दिसतो. झाकणावरचे नाव हे बरेचदा केवळ दुकानदारी नाव असते. ‘सॅप ग्रीन’ एका कंपनीत दोन द्रव्यांचा, तर दुसरीत तीन द्रव्यांचा असू शकतो. नावापुढे ‘ह्यू’ असा शब्द असेल, तर मूळ द्रव्य नसून त्याच्यासारखे दिसणारे दुसरे घातले आहे, असे समजावे.

यावर उपाय म्हणून जगभर ‘कलर इंडेक्स’चे क्रमांक वापरतात. चांगल्या प्रतीच्या ट्यूबवर बारीक अक्षरांत ते छापलेले असतात. पी म्हणजे पिगमेंट, बी म्हणजे ब्लू, आर म्हणजे रेड, वाय म्हणजे यलो, डब्ल्यू म्हणजे व्हाइट. अल्ट्रामरीन हा पीबी २९, प्रशियन ब्लू पीबी २७, थॅलो ब्लू पीबी १५. दोन कंपन्यांची नावे निराळी पण क्रमांक एकच असेल, तर ते रंग जवळचे नातलग. क्रमांक निराळे असतील, तर नाव कितीही गोड असले तरी फसू नये.

पण क्रमांकावरही डोळे मिटून विश्वास टाकू नये. ‘इंडियन रेड’ आणि ‘लाइट रेड’ हे दोन्ही बरेचदा पीआर १०१, म्हणजे लोखंडाचा तांबडा ऑक्साइड असतात, तरी एक जांभळट दिसतो व दुसरा नारिंगीकडे झुकतो. कण मोठे की बारीक यावर ते ठरते. आपल्या जांभ्या दगडाची व गेरूची लाली याच ऑक्साइडची आहे.

पर्याय शोधण्याचा प्रश्न आजचा नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांनी गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी ही द्रव्ये वापरली, परंतु निळ्यासाठी लाजवर्द हा दगड अफगाणिस्तानातील बदख्शानकडून येई. तो दगड इतका महाग, की फ्रान्समध्ये १८२४ साली कृत्रिम निळ्यासाठी बक्षीस जाहीर झाले आणि १८२८ मध्ये ते गिमे यांना मिळाले. तोच आजचा पीबी २९. आजीच्या काळी कपड्यांना घालायची पुडीतली नीळ, तीही हेच द्रव्य. (हल्लीची बाटलीतली पातळ नीळ निराळी.)

ध्वजाच्या पाचव्या रंगाचे पाली नाव मंजेट्ठ, म्हणजे मंजिष्ठेच्या मुळांचा रंग. युरोपातील मंजिष्ठेतले अलिझरीन १८६८ साली ग्रेबे व लीबरमान यांनी प्रयोगशाळेत बनवले. मात्र त्यापासूनचा ‘अलिझरीन क्रिमझन’, पीआर ८३, उजेडात फिका पडतो. भिंतीवर कायम लावायच्या चित्रात तो घेऊ नये. त्याऐवजी पीआर १७७ किंवा पीव्ही १९ (व्ही म्हणजे व्हायोलेट) पाहावा.

शाळकरी डब्यांवर बरेचदा क्रमांक नसतात. मग आपली पट्टीच खरी. ज्या कागदावर चित्र आहे, त्याच कागदाच्या तुकड्यावर जुना व नवा रंग शेजारी शेजारी लावावा. एक ठिपका दाट, एक पाण्याने पातळ केलेला, एक पांढरा मिसळून. पांढरा मिसळला की लपलेली छटा उघडी पडते. दाट असताना अगदी सारखे दिसणारे दोन निळे पांढऱ्यात एक हिरवट, एक जांभळट निघतात. पांढराही सगळीकडे एकच घ्यावा, कारण टायटॅनियम (पीडब्ल्यू ६) झिंकपेक्षा (पीडब्ल्यू ४) पुष्कळ जास्त झाकतो.

निर्णय पट्टी वाळल्यावरच करावा. अ‍ॅक्रिलिक वाळताना गडद होतो; पोस्टर रंगाच्या फिक्या छटा गडद होतात, तर गडद छटा किंचित उतरतात. एका बाजूला कर्ली खाडी व दुसऱ्या बाजूला समुद्र असल्याने पावसाळ्यात आपल्याकडे वाळायला वेळ लागतो. तेव्हा रात्रभर थांबावे. पट्टी सकाळच्या उजेडात, दारात नेऊन पाहावी. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे पडतात, कारण दोन द्रव्ये प्रकाशाचे निरनिराळे भाग परत फेकतात.

फरक थोडा असेल तर नव्या रंगात दुसऱ्याचा अगदी सुईच्या टोकाएवढा अंश घालून जुळवावा. हिरवटपणा किंचित तांबड्याने मरतो, जांभळटपणा किंचित हिरवट निळ्याने. जुळलाच नाही, तर अर्धवट पट्टा पुरा करण्याच्या भरीस न पडता सबंध पट्टा नव्या रंगाने पुन्हा भरावा. दोन्ही रंग एकाच जातीचे असावेत. अ‍ॅक्रिलिकवर जलरंग नीट धरत नाही. आणि ध्वजाचा नारिंगी पिवळा व तांबडा मिसळून करणार असाल, तर सगळ्या चित्रांना पुरेल एवढा एकदम कालवून झाकणाच्या बाटलीत ठेवावा, बाटलीवर प्रमाण लिहून.