कपाटातला जुना कॅमेरा

26 जुलै 2005 च्या पुरात उल्हास नदीचे पाणी मोहन्यात शिरले आणि आमच्या घरातला फोटोंचा अल्बम चिखलात गेला. आईबाबांच्या लग्नाचा एकुलता एक फोटो त्यातच होता. म्हणून 2007 साली पगारातून पैसे बाजूला टाकून आम्ही एक छोटा डिजिटल कॅमेरा घेतला. दोन पेन्सिल सेलवर चालणारा, खिशात मावणारा. चाळीत कुणाचे नामकरण असो की मंगल परिणय, बोलावणे आम्हालाच! पुढे मोबाईल आला आणि कॅमेरा कपाटात गेला.

तो यंदा आमच्या मुलीने शोधून काढला. कॉलेजच्या मुलामुलींत सध्या अशा जुन्या कॅमेऱ्यांचे वेड आहे म्हणे. आम्ही हसलो. पण नवे सेल घालताच पडदा उजळला. एकेक फोटो मागे नेता नेता बाबा दिसले! 2008 सालचा फोटो. पहिल्या पाळीला निघालेले, हातात डबा, मागे एनआरसीचे गेट. कंपनी 2009 साली बंद पडली. बाबा 2016 साली गेले.

"आजोबा एवढे सावळे होते?" मुलीने विचारले. होतेच. मोबाईलवरच्या फोटोंत ते गोरे दिसतात, कारण पुष्कळ मोबाईल न विचारता माणसाचा चेहरा गुळगुळीत आणि उजळ करून टाकतात. आपल्या माणसाचा रंग बदलण्याचा अधिकार त्या यंत्राला कुणी दिला? जुना कॅमेरा एवढी हुशारी करीत नाही. त्याचे भिंग खरोखर पुढे सरकून लांबचे जवळ आणते, फ्लॅश लखकन पेटतो, आणि कपाळावरचा घामसुद्धा फोटोत येतो. अंधारात मात्र चित्र दाणेदार निघते, हेही सांगितले पाहिजे.

या यंत्राचा पहिला नमुना 1975 साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने बनवला. वजन साडेतीन किलोच्या वर, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद!

वाचकहो, तुमच्या कपाटात असा कॅमेरा असेल तर आधी त्यातले सेल पाहा. वर्षानुवर्षे आत राहिलेले सेल पाझरतात आणि यंत्र कुजवतात. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते. फार जुन्या कॅमेऱ्यांना 2 जीबीहून मोठे कार्ड चालत नाही. तारीखही नव्याने लावावी लागते. नाहीतर यंदाच्या फोटोवर 2007 साल छापून येईल, आमचे तसेच झाले. आणि कार्डावर विसंबू नका. पडून राहिलेले कार्डही एक दिवस कोरे होऊ शकते. फोटो दुसरीकडे उतरवा, निवडक कागदावर काढून घ्या.

बाबांचा फोटो आम्ही मोठा करून आणला. आईने तो बराच वेळ हातात धरला. मग म्हणाली, "हा डबा माळ्यावर आहे अजून."