नाकाच्या आतले घर

मराठी माणसाने आपल्या अब्रूचा सारा भार नाकावर टाकला आहे. अब्रू गेली की नाक कापले जाते, आणि शरण जायचे तेही नाक मुठीत धरून. बाहेरच्या नाकाचा एवढा मान राखणारे आम्ही आतल्या नाकाची मात्र फारशी विचारपूस करीत नाही.

नाक खरोखरच कापले गेल्याची एक कथा पुण्याच्या परिसरातील आहे. १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेकडील कावसजी नावाचा मराठा बैलहाक्या टिपूच्या हाती सापडला व नाक गमावून बसला. वर्षभरानंतर पुण्याजवळ विटा घडविणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक बसविले. मेणाच्या पातळ पत्र्याचे माप कपाळावर ठेवून त्याने तेवढी कातडी सोडविली, ती खाली वळविली, आणि भुवयांमधील चिंचोळी पट्टी तेवढी जोडलेली ठेवली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने हा वृत्तान्त छापला. पुढे १८१४ साली जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने तीच रीत लंडनमध्ये योजिली. या वृत्तान्तातील एक बारकावा आम्हांस विशेष वाटतो. नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालीत. चेहऱ्याचे रूप राखताना श्वासाची वाटही मोकळी राहिली पाहिजे, हे त्या कारागिरास ठाऊक होते.

ही वाट टाळूच्या वरून घशापर्यंत जाते. मध्ये पडदा, तो पुढे कूर्चेचा, मागे हाडाचा. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर शिंपल्यासारखी वळलेली तीन-तीन हाडे आहेत. त्यांमुळे हवेला सरळ धावता येत नाही. ओलसर अस्तराला घासूनच पुढे जावे लागते. तेवढ्यात ती ऊबदार व ओली होते. नाकातील केसांतून निसटलेली धूळ चिकट शेंबडात अडकते, आणि डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म तंतू तो शेंबूड हळूहळू घशाकडे लोटतात. छताशी गंध ओळखणाऱ्या पेशी असतात. सर्दीत गंध त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून जेवण बेचव लागते. डोळ्यांतून येणारी अश्रूंची नळीही नाकातच उघडते. रडताना नाक वाहते ते त्यामुळे. तोंडाने घेतलेल्या श्वासाला हे संस्कार पुरते घडत नाहीत.

आमच्या वारासिवनीत नवतपा लागला की या घराची कसोटी लागते. पडद्याच्या पुढच्या भागात, जेथे मुलाचे बोट सहज पोहोचते, तेथेच बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे आहे. कोरड्या झळांनी अस्तर तडकते, नख लागते आणि घोळणा फुटतो. मग घरातील वडीलधारी मंडळी मुलाचे डोके मागे झुकवितात, कोणी कांदा हुंगावयास देतात. वाचकहो, डोके मागे टाकल्याने रक्त थांबत नाही. ते घशात उतरते आणि मुलाला ओकारी येते. मुलाला बसवून किंचित पुढे वाकवावे, हाडाखालचा नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरावा, आणि मध्ये सोडून न पाहता दहा मिनिटे तसाच ठेवावा. ‘नाक दाबले की तोंड उघडते’ ही म्हण येथे अक्षरशः पाळावयाची. श्वास तेवढा वेळ तोंडाने घ्यावा. वीस मिनिटांनंतरही रक्त वाहत राहिले, किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या वृद्धाला असे झाले, तर विनाविलंब डॉक्टर गाठावा.

दुसरी कसोटी धानाच्या मळणीची व गिरण्यांची. तुसाची जाड धूळ नाक अडवून धरते, परंतु अतिसूक्ष्म कण त्यालाही चुकवून फुप्फुसांत शिरतात. म्हणून तेथे राबणाऱ्यांनी नाकातोंडावर नीट बसणारा मास्क बांधावा, आणि घरच्यांनी तसा आग्रह धरावा.

नाकाची अब्रू चार लोकांच्या हाती असते. त्याचे आरोग्य पुष्कळसे आपल्याच हाती आहे.