चिखलातली तार

श्वास कोंडला म्हणजे जीव कसा कासावीस होतो, हे तुम्हांला सांगायला नको. पण मुळात श्वास लागतो कशाला? अन्नातून शक्ती काढताना इलेक्ट्रॉन सुटतात आणि ते शेवटी कोणाच्या तरी पदरात टाकावे लागतात. आपल्याकडचे ते पदरात घेणारा म्हणजे प्राणवायू. चिखलाच्या तळाशी मात्र प्राणवायू पोचतच नाही. तिथे राहणाऱ्या जिओबॅक्टर या जंतूने काय करावे? तो आपले इलेक्ट्रॉन भोवतालच्या गंजाच्या कणांना देतो. अडचण एवढीच, की हे कण काही पेशीच्या आत शिरत नाहीत. तेव्हा हा पठ्ठ्या चक्क बाहेर तार काढतो!

ही तार ओएमसीएस नावाच्या प्रथिनाची असते. प्रथिनाच्या प्रत्येक रेणूत हीमच्या ६ चकत्या असतात. हीम आपल्याला परके नाही. रक्ताचा लाल रंग त्याचाच. चकतीच्या मधोमध लोखंडाचा एक अणू असतो. त्याला ६ हात आहेत असे समजा. चार हात चकतीने धरलेले, पाचवा प्रथिनाने. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये सहावा हात प्राणवायूसाठी मोकळा असतो. तारेत मात्र तोही प्रथिनानेच धरलेला. प्राणवायूला बसायला जागाच नाही! मग लोखंडाला एकच काम उरते : इलेक्ट्रॉन घ्यायचा आणि पुढे द्यायचा.

आग लागली म्हणजे माणसे रांग धरून बादल्या हातोहात पोचवतात ना? तसेच हे. मात्र रांगेत खिंडार पडता कामा नये. म्हणून या चकत्या अगदी खेटून असतात. शिवाय प्रत्येक रेणूतल्या एका लोखंडाचा हात शेजारच्या रेणूने धरलेला असतो. अशी ही साखळी जोडली जाते.

ही वीज पिलिन या प्रथिनाच्या केसांतून वाहते, असे २००५ सालापासून मानले जात होते. २०१९ साली येल विद्यापीठातले निखिल मालवणकर, व्हर्जिनिया विद्यापीठातले एडवर्ड एगेलमन आणि त्यांचे सहकारी यांनी गोठवलेले तंतू इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पाहतात तो काय, तंतू ओएमसीएसचे निघाले!

या कुळाची ही खोड आपल्याही उपयोगाची आहे. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या रायफल येथे युरेनियमने भूजल दूषित झाले होते. २००२ साली तिथे जमिनीत ॲसिटेट सोडून जिओबॅक्टर-कुळातले जंतू पोसले. त्यांनी युरेनियमलाच इलेक्ट्रॉन दिले; त्यामुळे ते न विरघळणारे झाले आणि पाण्यातले त्याचे प्रमाण घटले. चिखलातल्या जंतूने नुसता आपला श्वास मोकळा केला, आणि आपले पाणी त्या मानाने निवळले.