‘डिस्को एलिसियम’ : जग रचलं लेखकाने, मग तोच बाहेर कसा?

२०१९ साली आलेल्या ‘डिस्को एलिसियम’ने द गेम अवॉर्ड्समध्ये ४ पुरस्कार मारले. पण २०२१ संपेपर्यंत हे जग रचणारा एस्टोनियन लेखक रॉबर्ट कुर्विट्झ आणि कलादिग्दर्शक अलेक्झांडर रोस्तोव झा/उम स्टुडिओच्या बाहेर होते.

झालं काय? गेम बनवायला पैसा लागतो. गुंतवणूकदार आले, शेअर्स त्यांच्याकडे गेले.

या दोघांचा आरोप ऐकाच. पुढच्या भागाची ४ स्केचेस १ पौंडात घेऊन ती स्टुडिओलाच ४८ लाख युरोंना विकली आणि त्याच पैशातून बहुमताचे शेअर्स घेतले. म्हणजे कंपनीच्याच पैशाने कंपनी विकत! स्टुडिओने आरोप फेटाळले. उलट दोघांच्या कामावरच्या वागणुकीकडे बोट दाखवलं.

मेख वेगळीच आहे. याच जगावर कुर्विट्झची कादंबरी २०१३ मध्येच आली होती, तरी गेमचे हक्क कंपनीकडे. आणि निम्म्याहून जास्त शेअर्स ज्याचे, कंपनीत शब्द त्याचा. तो संचालक नेमतो, संचालक कुणालाही काढू शकतात. लेखकालासुद्धा.

२०२५ मध्ये झा/उमने ‘झीरो परेड्स’ हा नवा गेम दाखवला. कुर्विट्झशिवाय.